मध्यम गाडी, स्पष्ट गाडी

या मननाला आसन-बिसन लागत नाही, रेल्वेचं बाकडं पुरतं. चाळीसगाव जंक्शनवर धुळ्याची गाडी लागली आहे असं समजा आणि खिडकीजवळची जागा धरा. मुंबई-भुसावळ मार्गाला फुटलेला हा सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा १९०० सालचा. वाटेत जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर अशी लहान लहान स्टेशनं. आयुष्यभर पॅसेंजर म्हणून ओळखलेली गाडी आता विजेवरची मेमू झाली आहे, तरी फलाटावरची माणसं तिला पॅसेंजरच म्हणतात. वेळापत्रक आज बाजूला ठेवू. हिशेबाला सोपं पडावं म्हणून समजू, की धुळ्याला पोचायला बरोबर सत्तर मिनिटं लागतात.

छप्पन्न किलोमीटर, सत्तर मिनिटं. मिनिटाला ८०० मीटर, तासाला ४८ किलोमीटर. हा सरासरी वेग. गाडी सुटायच्या आधी हा आकडा सावकाश मनात बसू द्या. घाई नाही, इंजिनाची शिट्टी अजून व्हायची आहे.

आता स्वतःला विचारा, की हे ४८ नक्की कुठं आहे? आत्ता गाडी उभी आहे, म्हणजे इथं तर नाही. जामद्याला थांबेल तेव्हा नसेल. मधल्या मोकळ्या रानात, कपाशी आणि बाजरीच्या पट्ट्यांमधून गाडी सत्तर-बहात्तरनं पळेल, तेव्हाही नसेल. वेग वाढताना किंवा ब्रेक लागताना काटा ४८वरून जाईल, पण तो तिथं टेकणार नाही, ओलांडून जाईल. सबंध प्रवासाला लागू पडणारा आकडा आणि प्रवासातल्या जवळजवळ एकाही क्षणाला तो लागू नाही. याचा अर्थ तो खोटा आहे का? तसं म्हणाल तर धुळ्याला घ्यायला येणाऱ्या माणसाला तुम्ही फोनवर वेळ कशाच्या जोरावर सांगितली? त्या आकड्याच्याच.

हे दोन्ही एकदम धरून बसा. आकडा खरा आहे, आणि तो कुठल्याच क्षणाचा नाही. इथं मन लगेच एक बाजू घ्यायला बघतं. घेऊ देऊ नका.

आता शेजारच्या रुळांवर एक दुसरी गाडी उभी करा. प्रत्यक्षात हा एकेरी मार्ग आहे, पण कल्पनेला जमीन संपादन करावी लागत नाही. या दुसऱ्या गाडीला थांबे नाहीत, ब्रेक नाहीत, गती घेण्याची धडपड नाही. आपली गाडी ज्या सेकंदाला सुटेल त्याच सेकंदाला ती थेट ताशी ४८नं धावायला लागेल, तशीच एकसारखी धावत राहील आणि आपल्याबरोबरच धुळ्यात शिरेल. तिला मध्यम गाडी म्हणू. आपण बसलो आहोत ती स्पष्ट गाडी. ही नावं मी माझ्या पदरची घातलेली नाहीत; ती कुठून आली ते पुढं येईलच.

शिट्टी झाली. गाडी हलली.

आपल्या गाडीचा वेग शून्यापासून एकसारखा वाढतो आहे असं धरा. एका मिनिटात तो ताशी ७२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला २० मीटरला पोचतो आणि मग तिथंच राहतो. मध्यम गाडी मात्र पहिल्या सेकंदापासूनच सेकंदाला सव्वातेरा मीटरच्या जराशी वर आहे. साहजिकच ती पुढं सटकते. खिडकीतून बघा, तिचा शेवटचा डबा आपल्या खिडकीपुढून निघून गेला. आपण अजून फलाटाच्या कडेला आहोत आणि ती पुढं पुढं जाते आहे. दहाव्या सेकंदाला अंतर वाढलेलं, विसाव्याला आणखी, तिसाव्याला आणखी.

चाळीसाव्या सेकंदाला थांबा. म्हणजे गाडी थांबवू नका, लक्ष थांबवा. या क्षणी आपला वेग वाढत वाढत नेमका ताशी ४८ झाला आहे. दोन्ही गाड्या अगदी बरोबरीनं धावताहेत. आणि आपण तिच्या किती मागं आहोत? ती ५३३ मीटर गेली, आपण २६७. मधलं अंतर २६६ मीटर, आणि हेच अंतर या सगळ्या टप्प्यातलं सर्वांत मोठं.

हे पुन्हा एकदा सावकाश बघा, कारण पहिल्या खेपेला ते पटत नाही. वेग अगदी सरासरीइतका झाला तो क्षण आणि सरासरीपासून सर्वांत दूर पडलो तो क्षण, हे दोन्ही एकच. मनाला वाटतं, वेग जुळला म्हणजे आपणही जुळलो. पण जोवर आपण हळू होतो तोवर अंतर वाढतच होतं; आपण वेगवान झालो की ते घटायला लागेल; वाढणं संपून घटणं सुरू होतं ती वेळ दोन्ही वेग सारखे असण्याचीच असू शकते. गणित एवढंच. कागदावर हे दोन ओळींत उरकतं, पण खिडकीशी बसून पन्नास सेकंद त्या शेवटच्या डब्याकडे बघत राहिल्याशिवाय ते अंगात मुरत नाही असं माझं मत आहे.

पुढं चला. साठाव्या सेकंदाला आपण ६०० मीटरवर, ती ८००वर. आता आपण दर सेकंदाला तिच्यापेक्षा पावणेसात मीटर जास्त जातोय, जरासे कमीच. नव्वदाव्या सेकंदाला, चाळीसगावपासून १,२०० मीटरवर, आपण तिला गाठतो. खिडकीला खिडकी लागते. सुटल्यापासूनचा आपला सरासरी वेग आत्ता काढलात तर बरोब्बर ताशी ४८. आणि आपला काटा आत्ता काय दाखवतो? ७२. चाळीसाव्या सेकंदाला उलट होतं: काटा ४८ होता आणि तोवरची सरासरी होती अवघी २४.

दोन्ही आकडे आपल्याच गाडीचे आहेत. एक मागं झालेल्याचा हिशेब देतो, दुसरा चाललेल्याचा. गती बदलत असते तेव्हा ते दोघं एकमेकांना भेटतात ते फार थोड्या वेळा, आणि भेटतात तेव्हाही आपण अपेक्षा केली असेल तिथं भेटत नाहीत.

जरा बाहेर बघा. जामदा यायचं आहे.

सरासरीबद्दलचे दोन नेहमीचे चकवे या मोकळ्या वेळात उरकून घेऊ. धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला मोटारीनं ताशी ६०नं गेलात आणि ४०नं परत आलात, तर सरासरी ५० होत नाही, ४८ होते. कारण सावकाश येताना रस्त्यावर तुम्ही जास्त वेळ काढलात, आणि सरासरी वेळेचं वजन धरते, अंतराचं नाही. दुसरं असं, की संध्याकाळी तुम्ही पुन्हा धुळ्यातल्या आपल्याच दारात उभे असाल, तर भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थानं दिवसभराचा तुमचा सरासरी वेग शून्य. विस्थापनच झालं नाही ना! पेट्रोल जळलं, कंबर दुखली, एरंडोलच्या पुढं ट्रकच्या मागं अर्धा तास गेला, तरी शून्य. ही गंमत नववीच्या वर्गात सांगितली की मुलं हसतात, आणि परीक्षेत तिथंच चुकतात.

आता अवघड भाग. क्षणाचा वेग म्हणजे काय?

काटा ७२ दाखवतो असं मी मघाशी सहज म्हणून गेलो. पण वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. क्षणात वेळ किती? काहीच नाही. अंतर किती? तेही नाही. मग भागाकार कसला केला? ग्रीक विचारवंत झेनोनं अडीच हजार वर्षांपूर्वी बाण घेऊन हीच अडचण मांडली होती: कुठल्याही एका क्षणी बाण आपल्या लांबीएवढ्याच जागेत असतो, मग तो हलतो कधी? धावत्या मेमूचा फोटो काढा. फोटोत ती उभी आहे की धावते आहे, कसं ओळखाल? निव्वळ एका क्षणाकडे बघून वेग दिसत नाही, हे झेनोचं म्हणणं खरंच आहे. आधी ते मान्य करा आणि थोडा वेळ त्या अडचणीत बसा. ज्याला ही अडचण कधी टोचली नाही त्याला पुढचं उत्तर नुसतं सूत्र वाटेल.

उत्तर शोधायला गाडी सोडून डोंगरात जाऊ. चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवीचं स्थान आहे. पावसाळ्यात तिथल्या कड्यांवरून पाणी कोसळतं. धवलतीर्थ, केदारकुंड ही नावं खानदेशातल्या सहली काढणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. कड्याच्या ओठावरून सुटलेला पाण्याचा एकच थेंब नजरेनं पकडा. हवेचा अडथळा सोडून देऊ, आणि गुरुत्वाचं ९.८ हिशेबाला १० धरू. मग थेंब एका सेकंदात ५ मीटर पडतो, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५. दोन सेकंद पूर्ण झाले त्या नेमक्या क्षणी त्याचा वेग किती?

क्षणाला विचारून उपयोग नाही हे पाहिलंच. मग त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. दोन ते तीन सेकंदांत थेंब २५ मीटर पडला, म्हणजे सरासरी २५. हे जास्त झालं, कारण यात पुढचा वेगवान भाग आला. वेळ आखडा: दोन ते अडीच सेकंद, सरासरी साडेबावीस. दोन ते २.१, सरासरी २०.५. दोन ते २.०१, २०.०५. आता मागच्या बाजूनं या. एक ते दोन, सरासरी १५. १.९ ते दोन, १९.५. १.९९ ते दोन, १९.९५.

एकेक आकडा मनात म्हणा आणि पुढच्या आकड्याआधी जरा दम घ्या. पुढच्या बाजूनं २५, २२.५, २०.५, २०.०५. मागच्या बाजूनं १५, १९.५, १९.९५. अंतर शून्याकडे चाललं आहे, वेळही शून्याकडे, पण त्यांचा भागाकार शून्याकडे जात नाही. तो दोन्ही बाजूंनी २०कडे सरकतो आणि दोघांच्या मध्ये २०शिवाय दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. त्या २०ला आपण त्या क्षणाचा वेग म्हणतो. तेव्हा तात्कालिक वेग क्षणाच्या पोटात सापडत नाही. क्षणाच्या अलीकडचं आणि पलीकडचं त्या क्षणाबद्दल काय बोलतं, त्यावरून तो ठरतो. झेनोच्या बाणाला उत्तर आहे ते हेच: बाण हलतो की नाही हा प्रश्न एकट्या क्षणाला विचारायचाच नसतो.

या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट लपली आहे. दोन सेकंदांच्या दोन्ही बाजूंना सारखी वेळ घ्या, एक ते तीन. थेंब ५ मीटरपासून ४५ मीटरपर्यंत, म्हणजे ४० मीटर पडला. दोन सेकंदांत ४०, सरासरी २०. आखडायची गरजच पडली नाही, एका झटक्यात उत्तर नेमकं आलं! वेग एकसारखा वाढत असेल तर कुठल्याही कालखंडाची सरासरी म्हणजे त्याच्या मधल्या क्षणाचा वेग. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या पंडितांनी हा नियम मांडला आणि गॅलिलिओनं १६३८च्या ग्रंथात पडणाऱ्या वस्तूंना तो लावला. मधला क्षण, मधलं ठिकाण नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्या. कड्याच्या निम्म्या उंचीवर थेंब आला तेव्हा निम्म्याहून बराच जास्त वेळ उलटलेला असतो आणि त्याचा वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा नसतो, सुमारे ७१ टक्के असतो. आणि वेगवाढ एकसारखी नसेल, तर हा सोपा नियम मोडला.

चंद्राची वेगवाढ एकसारखी नाही. म्हणून आता वर बघायचं.

रात्री धुळ्याच्या गच्चीवरून किंवा जळगावच्या अंगणातून चंद्र बघा आणि त्याच्या जवळची एखादी ठळक चांदणी हेरून ठेवा. चंद्र मावळतीकडे जातो तो पृथ्वीच्या फिरण्यानं, ते सोडून द्या. त्याची स्वतःची चाल उलट, उगवतीकडे आहे. तासाभरात तो त्या चांदणीपासून साधारण आपल्या बिंबाएवढा सरकलेला दिसेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघितलंत, तर हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडं जास्त अंतर त्यानं तोडलेलं असेल. सरासरीनं दिवसाला १३ अंश १० कला ३५ विकला. जुन्या ज्योतिषग्रंथांत हे ७९० कला ३५ विकला असं येतं आणि त्याला चंद्राची मध्यम गती म्हणतात. प्रत्यक्षात चंद्र कधी दिवसाला सुमारे पावणेबारा अंशच चालतो, कधी सव्वापंधरा. ती त्याची स्पष्ट गती. आणि नेहमी मध्यम गतीनंच चालणारा, आकाशात कुणाला कधीही न दिसणारा जो चंद्र हिशेबासाठी धरतात, तो मध्यम चंद्र. आपल्या शेजारच्या रुळांवरची गाडी इथून आली.

घरातलं पंचांग या दोघांच्या भांडणावर उभं आहे. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढं गेला की एक तिथी झाली. चंद्र नेहमी मध्यम गतीनं चालता तर प्रत्येक तिथी २३ तास ३७ मिनिटांच्या आसपास राहिली असती. तसं होत नाही. जुन्या पंचांगवाल्यांच्या तोंडी बाणवृद्धी-रसक्षय असतं, म्हणजे साठ घटकांची तिथी पाच घटकांनी वाढू शकते, सहा घटकांनी घटू शकते. मध्यम चंद्र आणि स्पष्ट चंद्र यांच्यात सिद्धान्तग्रंथांच्या हिशेबानं जास्तीत जास्त पाच अंशांचं अंतर पडतं. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्यानं तिथीचा शेवट नऊ-दहा तास मागंपुढं होतो. संकष्टीचा उपास धरणाऱ्या घराला हा फरक चांगलाच कळतो.

पाटणादेवीचा मुद्दाम उल्लेख केला तो धबधब्यासाठी नव्हता, गणिती भास्कराचार्यांसाठी होता. भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे, की जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४चा, आणि सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जलविड हे त्यांचं गाव. हे गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाटणादेवीजवळच्या पाटणच्या बाजूनं जळगावकर जोरात बोलतात, आणि मला तो वाद सोडवायचा नाही. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्यातलेच भाग, तेच लोकांना माहीत असतात. आपल्याला हवा आहे तो ग्रहगणिताचा भाग, आणि त्यातला स्पष्टाधिकार.

तिथं भास्कराचार्य चंद्राच्या दोन गती सांगतात. आजची स्पष्ट स्थिती उद्याच्या स्पष्ट स्थितीतून वजा केली की दिवसाची गती मिळते, ती स्थूल. आणि त्या त्या वेळची जी गती, ती तात्कालिकी, ती सूक्ष्म. दुसरी काढायची कशी, याची त्यांची रीत जरा जवळून बघा. त्या काळी ज्या, म्हणजे आजचा साइन, कोष्टकात देत. नव्वद अंशांचे चोवीस तुकडे, प्रत्येक पावणेचार अंशांचा, २२५ कलांचा. एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत ज्या किती वाढते तो भोग्यखंड. सगळ्या तुकड्यात वाढ एकसारखी धरली की काम भागतं, पण ती झाली त्या तुकड्याची सरासरी, आणि तुकडा संपला की ती एकदम उडी मारते. चंद्र असा उड्या मारत चालत नाही. भास्कराचार्य म्हणतात, तुकड्याच्या आतही वाढ क्षणोक्षणी बदलते. तेव्हा ज्या बिंदूवर आहात तिथली कोज्या घ्या, तिला २२५नं गुणा, त्रिज्येनं म्हणजे ३४३८नं भागा, हा तुमचा तात्कालिक भोग्यखंड. आजच्या शब्दांत सांगायचं तर साइन ज्या दरानं बदलतो तो कोसाइनच्या प्रमाणात असतो. अकरावी-बारावीत कॅल्क्युलस शिकलेल्याला हे वाक्य ओळखीचं वाटेल.

इथं छाती फुगवून न्यूटनला पाठीमागं टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला पटत नाही. कुठल्याही राशीला लावता येईल अशी मर्यादेची सर्वसाधारण रीत भास्कराचार्यांनी दिलेली नाही. आणि चंद्राच्या गतीसाठी कोज्या वापरण्याची वाट त्यांच्याआधी दहाव्या शतकात मुंजालानं दाखवली होती. भास्कराचार्यांचं मोठेपण मला दिसतं ते वेगळ्याच दोन जागी.

पहिली जागा तुम्ही चाळीसाव्या सेकंदाला पाहून आलात. मध्यम आणि स्पष्ट यांमधलं अंतर जिथं सर्वांत जास्त, तिथं गतीची दुरुस्ती शून्य, तिथं स्पष्ट गती हीच मध्यम गती, असं ते त्याच ग्रंथाच्या गोलाध्यायात सांगतात, आणि आधीच्या आचार्यांनी ही जागा दुसरीकडे दाखवली होती ती चूक म्हणून बाजूला करतात. शेवटचा डबा आणि २६६ मीटर आठवा. मग रुळांच्या जागी आकाश ठेवा. महिन्यातून दोनदा चंद्र अशा जागी येतो: आपल्या मध्यम सोबत्यापासून पाच अंश दूर पडलेला, आणि चाल मात्र नेमकी त्याच्याएवढी. थोडा वेळ इथंच राहिलात तरी चालेल.

दुसरी जागा म्हणजे एक साधी व्यवहारी सूचना. तिथीचा शेवट जवळ आला असेल तर चंद्र पुढं सरकवताना तात्कालिक गती घ्या. शेवट लांब असेल तर दिवसाची स्थूल गतीच घ्या. कारणही ते देतात: चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही. सूर्योदयाला चंद्राची स्थिती काढली आणि तिथी दोन घटकांत संपणार असेल, तर या वेळची गती अचूक. पन्नास घटकांनी संपणार असेल, तर सूर्योदयाची नेमकी गती दिवसभर ताणून धरणाऱ्याची चूक पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जाऊ शकते. सूक्ष्म ते सदासर्वदा चांगलं असं इथं नाही. क्षणाचा वेग जितका नेमका, तितकी त्याची मुदत आखूड. सरासरी कुठल्याच क्षणाची नसते, म्हणून लांबवर साथ देते. तात्कालिक गती काढायला शिकलेल्या माणसानं ती कुठं वापरू नये हेही सांगावं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

गाडीत परत या. चाळीसगावला तुमच्या समोर येऊन बसलेल्या आजीबाईंनी पिशवी पायाशी ठेवत विचारलं होतं, “धुये येवाले कितला टाइम लागी?” तुम्ही खिडकीबाहेर बघितलंही नाही आणि सत्तर मिनिटं म्हणालात. बरोबर केलंत. तेव्हा गाडी उभी होती; त्या क्षणाच्या वेगावरून उत्तर द्यायचं तर धुळं कधीच येणार नव्हतं. आता बोरविहीर मागं पडलं आहे, शहराच्या कडेची घरं दिसायला लागली आहेत, लोक वरच्या पिशव्या काढताहेत, आणि आजीबाई पुन्हा तेच विचारतात. आता ४८चा काय उपयोग? आता बाहेर बघाल. सिग्नलवर गाडी रेंगाळली आहे की चांगली चालते आहे, खांब किती भरभर मागं पडताहेत, त्यावरून सांगाल. प्रश्न शब्दशः तोच, पण जवळचा झाला आणि उत्तराचा आकडा बदलला. दोन्ही वेळा तुम्ही शास्त्रशुद्ध वागलात.

ग्रहणाच्या वेळी तर सारा प्रश्नच जवळचा असतो. स्पर्श केव्हा, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा हे घटका-पळांत सांगायचं, आणि तिथं चंद्राची त्या वेळची चाल चुकली की लोकांसमोर चूक उघडी पडते. पाटणच्या देवळातल्या शिलालेखात असंच एक ग्रहण नोंदलेलं आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडणारे चांगदेव ते वेगळे.) आजोबांचे ग्रंथ, सिद्धान्तशिरोमणी धरून, शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं ते शके ११२८मधल्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, शेवटी शेवटी तो जुन्या मराठीत उतरतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये तो प्रसिद्ध केला. मठात ग्रहगणित शिकणाऱ्या मुलांना स्वतःच्या मठाच्या दानाची वेळ मागं जाऊन गणितानं ताडून बघता आली असती. बघितलीही असेल कुणीतरी. मास्तरांनी गृहपाठाला दिली नसेल, असं मला तरी वाटत नाही.

स्वतः भास्कराचार्यांनी जवळ आणि लांब हा विचार पुढं सोडला नाही. सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची मध्यम स्थिती काढायची तर हिशेब कल्पाच्या आरंभापासून धरावा लागतो. शककाल सुरू होईपर्यंतच त्यात १९७ कोटींहून जास्त वर्षं उलटलेली. मध्यम गतीतली विकलेच्या अंशाची चूक एवढ्या काळात कुठल्या कुठं जाते, आणि रोजचं पंचांग करणाऱ्याला एवढे मोठे गुणाकार परवडतही नाहीत. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा छोटा ग्रंथ लिहिला, पंचांग करणाऱ्यांच्या हाताशी राहील असा. त्यात आरंभ कल्पाचा नाही, शके ११०५चा, म्हणजे त्याच चालू वर्षाचा, ११८३चा. तिथून पुढं दिवस मोजायचे, मध्यम गतीनं ग्रह आणायचा, आणि मग तो स्पष्ट करायचा. पहिला अध्याय मध्यमाधिकार, दुसरा स्पष्टाधिकार.